एक हात आखूड बाल्कांव

गेल्या वर्षी साखळी गावाच्या बाजूला एका शाळेत मला मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. बांधकामाच्या क्षेत्रात इंजिनिअर व्हायचं तर गणित किती आणि कुठलं यायला हवं, असा विषय. अर्धं आयुष्य मी हेच काम करत आलेय, तेव्हा मोठ्या हौसेने गेले. बोलायला उभी राहण्याआधी तिथल्या एका सरांनी मला बाजूला घेतलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं, की मॅडम, पोरांना गणिताची भीती तेवढी घालू नका, हल्ली काय, सगळं सॉफ्टवेअरच करतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर हसू ठेवून मी काहीतरी गुळमुळीत बोलले, त्यांनी दिलेलं रोपटं घेतलं आणि घरी आले.

घरी येईपर्यंत स्कूटरवर मी एकटीच बडबडत होते. सॉफ्टवेअर करतं म्हणे. अहो, त्याला भिंत आठ फुटांची सांगितली की ते आठ फुटांच्या भिंतीचं उत्तर देतं. तिकडे डोंगरावर कोणी ती भिंत साडेबारा फुटांची करून ठेवली असेल तर ते काय उठून बघायला जाणार आहे? मुलांना सांगायचं होतं ते हे. आणि हे सांगायचं तर मला माझ्या ताईच्या घराची गोष्ट सांगावी लागली असती, जी शाळेच्या कार्यक्रमात सांगता येत नाही.

आम्ही दोघी मुळगावच्या. लहानपणी आमच्या घरापुढच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे, एकामागून एक, इतके की रस्ता ओलांडायचा तर ताटकळत उभं राहावं लागे. अंगणात वाळत घातलेले कपडे लाल व्हायचे. आई धुळीला शिव्या घालायची आणि ताई आणि मी कुंपणाच्या गडग्यावर बसून ट्रकांच्या नंबरांशी खेळायचो. येणाऱ्या ट्रकाचा नंबर वाचायचा, ठरलेल्या आकड्याने भागायचा आणि ट्रक आपल्यासमोरून पुढे जायच्या आत बाकी किती उरली ते ओरडून सांगायचं. आज सात, उद्या आठ, परवा तेरा. मी बोटं मोजत असायचे तोवर ताईचं उत्तर आलेलं असे. तिला कधी हरलेली पाहिल्याचं मला आठवत नाही.

दहावीला गणितात ताई वर्गात पहिली आली. तिला पुढे गणितच घ्यायचं होतं, पण त्यासाठी बसने लांब जावं लागलं असतं. बाबा तेव्हा जेवत होते. ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "गणित घेवन काय घरां बांदतली?" झालं. एवढ्यावर निकाल लागला. ताई जवळच्या कॉलेजात मराठी घेऊन शिकली, आणि माझी पाळी आली तेव्हा मात्र हट्टाला पेटून तिनेच बाबांना वळवलं. मी गणित घेतलं, इंजिनिअर झाले. ताई लग्न होऊन पेडण्यात चोपड्याला गेली.

आमचे बाबा दुष्ट नव्हते, हे सांगायला हवं. सगळ्यांचे बाबा तेव्हा असंच बोलायचे. पण सगळेच बोलतात म्हणून वाक्य बरं ठरत नाही. त्या वाक्याचा राग मला आजही येतो, आणि तो राग मी कमी होऊ दिलेला नाही.

चार वर्षांपूर्वी ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, निवृत्त झाल्यावर नवं घर बांधायचं काढलं. जागा त्यांची स्वतःची, पुढे रस्ता आणि मागे डोंगर. पेडण्यात हल्ली जो तो डोंगर कापतो. सपाट जागा संपल्या, आणि विमानतळ आल्यापासून तर प्रत्येकाला वाटतं की आपल्या डोंगराच्या पोटात एक बंगला लपलेला आहे, नुसती जेसीबी लावायचा अवकाश. मी भावोजींना म्हटलं, घराचं डिझाईन मी करते, फक्त मागचा डोंगर मी सांगेन तेवढाच कापायचा. ते हो म्हणाले.

ती जागा मी नीट पाहिली होती. वर चिऱ्याचा कडक थर आणि त्याच्याखाली तांबूस मऊ माती, जी उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि पावसात भिजली की लोणी. अशा मातीला मागे धरून ठेवायला मी आठ फुटांची काँक्रीटची भिंत काढली, भिंत आणि घर यांच्यामध्ये पाणी जायला गटार आणि माणूस फिरेल एवढी वाट ठेवली. त्या वाटेवर ताईच्या स्वयंपाकघराचं जनेल, म्हणजे खिडकी, उघडणार होतं. म्हणजे काही झालंच तर सगळ्यात आधी ते ताईच्या अंगावर येणार होतं. पूर्ण घरात दिवसाचे सगळ्यात जास्त तास त्या खोलीत तीच असणार होती.

एका रविवारी मी जागेवर गेले. दुसऱ्या दिवशी जेसीबी यायची होती, म्हणून आखणी एकदा बघून घ्यावी म्हटलं. बघते तर मागच्या खुंट्या जागेवर नाहीत. चुन्याची रेघ सरळ डोंगरात गेलेली. मला वाटलं ठेकेदाराची चूक असेल. पण फणसाखाली प्लॅस्टिकच्या कदेलांवर, म्हणजे खुर्च्यांवर, भावोजी आणि त्यांचे काका बसले होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं.

काकांनी घराचा आय काढला होता. आमच्याकडे अजून पुष्कळ लोक हे करतात. घराची लांबी आणि रुंदी हातांत मोजायची, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला आठाने भागायचं. बाकी एक, तीन, पाच किंवा सात राहिली तर ध्वज, सिंह, वृषभ आणि गज, हे चांगले. बाकीचे वाईट, आणि काहीच उरलं नाही तर कावळा, तो सगळ्यांत वाईट. रस्त्याच्या बाजूने माझं घर एकवीस हात होतं आणि पुढून मागे चोवीस हात. एकवीस चोक चौऱ्यांशी म्हणा नाहीतर कसंही करा, चोविसाने गुणलं की आठाने पूर्ण भाग जातो. म्हणजे कावळा. काकांनी मग चोविसाचे सत्तावीस केले. बाकी सात, गज, दारात हत्ती. पुढे रस्ता असल्यामुळे वाढवलेले तिन्ही हात मागे, डोंगरात. भावोजी खूश, कारण मागची खोली मोठी होत होती.

तीन हात म्हणजे साडेचार फूट. भावोजींच्या मते घर साडेचार फुटांनी मागे गेलं, एवढंच. पण तिथला डोंगर जितकं आत जावं तितकाच वर चढतो. साडेचार फूट आत गेलात की कापलेला कडा साडेचार फुटांनी उंच होतो. माझी आठ फुटांची भिंत साडेबारा फुटांची झाली होती आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

मी खाली बसले, काठी घेतली आणि मातीत त्रिकोण काढला. मागची माती भिंतीला ढकलते, तो रेटा वर काहीच नसतो आणि खाली जावं तसा वाढतो, म्हणून त्याचा त्रिकोण होतो. त्रिकोण उंच झाला की रुंदही होतो. उंची दीडपट झाली तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, आणि भिंतीला पायाशी उलथून टाकणारा जोर तर त्याहून पुढे, तिपटीच्या वर जातो. इथे उंची दीडपटीहूनही जास्त झालीय, तेव्हा उलथवणारा जोर जवळजवळ चौपट धरा. हे सगळं मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं.

भावोजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, उंची अर्ध्याने वाढली ना, मग सळी अर्ध्याने जास्त घालू. आमच्या देशात त्रैराशिकाने जेवढे घोटाळे केलेत तेवढे कोणी केले नसतील. दोन माणसं चार दिवसांत, तर चार माणसं किती दिवसांत, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस जगातली प्रत्येक गोष्ट त्याच साच्यात घालतो. इंजिनिअरला लागणारं गणित म्हणजे काही फार अवघड गणित नव्हे. अपूर्णांक लागतात, प्रमाण लागतं, त्रिकोण लागतो, फुटांचे मीटर न चुकता करता यावे लागतात. पण सगळ्यात जास्त लागते ती एक समज, की कुठली गोष्ट कशाच्या पटीने वाढते. दुपटीने दुप्पट होणारं कुठलं आणि दुपटीने आठपट होणारं कुठलं, हे ज्याला कळत नाही त्याने भिंतीच्या वाटेला जाऊ नये.

मी असंही म्हटलं की साडेबारा फुटांची भिंत बांधता येत नाही असं नाही. पण तिचा पाया उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद लागेल, त्यासाठी डोंगर आणखी पोखरावा लागेल, आणि वर शेजाऱ्यांची काजूची झाडं आहेत, ती खाली येतील. काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी शिकलेली आहे, हुशार आहे, हे सगळं त्यांना मान्य होतं. पण या गावात ज्यांनी आय सांभाळला त्यांची घरं अजून उभी आहेत आणि चोवीस हातांत कावळा बसतो, त्याला ते काय करणार. भावोजींनी मान डोलावली आणि मला शेवटचं ऐकवलं, "घर बांधूक अनुभव लागता. तुझां गणित हापिसात ठेव."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नव्हे. याच भावोजींनी माझ्या जागी पणजीहून कोणी टाय लावलेला माणूस आणला असता तर तो बोलेल ते वेदवाक्य झालं असतं. आणि मला जास्त चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. ही माणसं गणित मानत नव्हती असं थोडंच होतं? गुणाकार केला होता, भागाकार केला होता, बाकी काढली होती, आणि त्या बाकीसाठी डोंगर कापायला निघाली होती. गणितावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. नको होतं ते फक्त माझं गणित.

मी तणतणत जुन्या घराच्या स्वयंपाकघरात गेले. ताई खोबरं खवत होती. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, रेटा, त्रिकोण, चौपट. तिने हात थांबवला नाही. माझं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ह्यांका रेटो सांगान उपेग ना. आय सांग."

मला कळेना. मग तिने खवलेल्या खोबऱ्याचा ढीग बोटाने बाजूला केला आणि सांगितलं, "पंचवीस हात कर. पाच उरतत. वृषभ."

एकवीस गुणिले पंचवीस, पाचशे पंचवीस. आठाने भागलं की पासष्ट वेळा भाग जातो आणि बाकी पाच. मी करून पाहीपर्यंत ती पुढचं सांगत होती. तिने सगळाच विचार केलेला होता. वाढवायचा तो एक हात मागे नको, पुढे घ्यायचा. पुढच्या खोलीची भिंत एक हात रस्त्याकडे सरकवायची. आमच्याकडे घरापुढे बसायला जो उघडा ओटा असतो, बाल्कांव, तो काकांच्या रीतीत आयामध्ये धरत नाहीत. तो एक हात आखूड होईल, बाकी काही नाही. डोंगराची रेघ जिथल्या तिथे राहील आणि माझी भिंत आठ फुटांचीच.

मी विचारलं, हे तुला कधी सुचलं? तिने सांगितलं, गेल्या रविवारी काका खुंट्या हलवत होते तेव्हाच. म्हणजे आठवडाभर हे उत्तर त्या स्वयंपाकघरात बसून होतं. मग बोलली का नाहीस, हे विचारायची गरज नव्हती. चुलत सासऱ्यासमोर सून आय काढते, असं चोपड्यात कोणी ऐकलेलं नाही. ज्या भिंतीखाली ती उभी राहणार होती त्या भिंतीबद्दल तिला एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं. चहा सांगायला तेवढं तिला बाहेर बोलावलं होतं, दोनदा. मला रडू आलं, ते दुःखाने नव्हे, संतापाने. ताईने मला पदराने डोळे पुसायला लावले आणि बाहेर पाठवलं.

मी गेले. दात आवळून काकांसमोर बसले आणि शक्य तितक्या गरीब आवाजात विचारलं, की काका, शेतकऱ्याच्या घराला वृषभ चालत नाही का हो? पंचवीस हातांत तो येतो असं वाटतं. काका बोटांच्या पेरांवर मोजू लागले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"वृषभ," ते म्हणाले. "शेतकऱ्याच्या घराक ह्येच्यापरस बरो आय खंयचो?"

ताईचा चहा येईस्तोवर खुंट्या परत आपल्या जागी आल्या होत्या, भावोजींनी स्वतःच्या हातांनी आणून ठोकल्या. आमच्या वाडवडिलांनी बैलांवरच पोट भरलं, हत्ती कोणी पाहिलाय, असंही ते ठेकेदाराला सांगत होते. मातीतला माझा त्रिकोण त्यांच्या पायाखाली पुसला गेला. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, की हा आय ताईने काढलाय. काका हसले. मी बहिणीचं कौतुक करते म्हणून त्यांना बरं वाटलं.

घर झालं. भिंत मी माझ्या डोळ्यांदेखत बांधून घेतली, तिच्यात पाणी निघायच्या नळ्या किती अंतरावर हव्यात यावरून ठेकेदाराशी भांडले, आणि काँक्रीट पडत होतं तेव्हा उन्हात उभी राहिले. पुढच्याच पावसाळ्यात सलग काही दिवस पाऊस असा कोसळला की चोपड्याची नदी आणि शेतं वेगळी दिसेनात. ताईच्या घरापासून थोडं वर, एका नव्या बंगल्यामागचा कापलेला कडा खाली आला आणि त्यांच्या गाडीची शेड मातीत गेली. सुदैवाने आत कोणी नव्हतं. ताईच्या भिंतीच्या नळ्यांतून तांबडं पाणी धो धो वाहत होतं, आणि भिंत होती तिथेच होती. मला फोन करून भावोजींनी सांगितलं की वृषभाने राखलं. मी फोन ठेवला आणि माझ्याच घरातलं एक भांडं आपटलं.

पाऊस सरल्यावर वास्तुशांत झाली. काकांना शाल आणि नारळ दिला. पानं वाढली होती, खतखतं होतं, मुगागाठी होती, आणि मुळगावहून बाबाही आले होते. बाबा आता थकलेत, पण नजर शाबूत आहे. घरभर फिरून त्यांनी जावयाची तारीफ केली, की घर बरं बांधलं. मग पुढे बाल्कांवात जाऊन बसले, पाय लांब करायला गेले आणि पाय पायरीवर आले. जेवायला बसल्यावर त्यांनी तेच काढलं.

"घर बरां जालां. पूण बाल्कांव आखूड कित्याक?"

पंगतीतल्या पुष्कळ जणांना तेच विचारायचं होतं असं दिसलं. कोणी म्हणालं, एवढं मोठं घर आणि संध्याकाळी बसायला जागा नाही. कोणी म्हणालं, मोजताना चुकलं असेल. भावोजींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि थट्टेने म्हणाले की इंजिनिअर घरचीच आहे, चूक कोणाला सांगणार. सगळे हसले. काका सर्वात जास्त हसले. मी पानावरून उठणारच होते. त्या पंगतीतल्या प्रत्येकाला तो आय कसा आला, ती भिंत किती उंच होणार होती आणि कोणाच्या डोक्यावर पडणार होती, हे मी ओरडून सांगणार होते.

ताई खीर वाढत होती. बाबांच्या पानाशी आली आणि वाकली. तिने वाटीत खीर घातली, पळी परत भांड्यात ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू येईल पण कोणालाही ओरडल्यासारखं वाटणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तो हात मियाच कमी केलो, बाबा. गणित घेवंक मेळूक ना, घर मात बांदलां."

भावोजींचं हसू अर्ध्यावरच राहिलं. काका पेरांवर काहीतरी मोजायला लागले. बाबांनी मान वर केली, बऱ्याच वेळाने, आणि तिच्याकडे पाहिलं. तोवर ताई पुढच्या पानावर गेली होती आणि विचारत होती, अजून थोडी वाढू का.